अकरावं रीळ

विश्रामबाग, सांगली
२९ नोव्हेंबर १९९८

प्रियदर्शनी,

सप्रेम जय भीम. तुझ्या नावातच 'प्रिय' असल्यामुळे मायन्यात तो शब्द वेगळा लिहावा लागत नाही. माझ्यासारख्या भित्र्या माणसाची तेवढीच सोय.

परवा हंबीरराव भेटले. आपल्या कॉलेजच्या दिवसांतले या थिएटरचे डोअरकीपर. दात गेलेत, मिशा आहेत तेवढ्याच आहेत. मला म्हणाले, "काय रं मिलिंदा, ती दोन वेण्यांची पोरगी कुठं आस्ती? तिला म्या आत सोडली न्हवती." बावीस वर्षं झाली, तरी त्यांना आठवतं. तुला अठरा पूर्ण झाली होती, पण दिसायचीस सातवीतली. "जा, घरी जाऊन दूध पी," असं म्हणाले होते. मी माझं तिकीट कुणाला तरी देऊन टाकलं आणि आपण बाहेरच्या जिन्यावर बसून बंद दारातून अख्खा चित्रपट ऐकला. नायिकेची साडी हिरवी आहे असं तू ठरवूनच टाकलं होतंस. मोठं झाल्यावर दरवर्षी एक चित्रपट निवडायचा आणि तो फक्त 'ए' प्रमाणपत्राचा, मोठ्यांचाच, हेही त्या जिन्यावरच ठरलं.

मग तू साताऱ्याला नोकरीला गेलीस, मी याच थिएटरात ऑपरेटर झालो, माझं शेवंताशी लग्न झालं, बेत राहून गेला. सहा वर्षांपूर्वी शेवंता गेली तेव्हा तुझं सांत्वनाचं पत्र आलं. त्याच्या अगदी खाली तू बारीक अक्षरात विचारलं होतंस, "यंदाचा कुठला?" त्या ओळीने मला उठवून बसवलं. हे तुला कधी लिहिलं नव्हतं.

यंदाचं वर्ष विसरता येणार नाही असं आहे. एरवी निवडायला दोन नावं मिळायची मारामार, या वर्षी सहा-सात चांगले 'ए' चित्रपट माझ्या मशीनवरून गेले. पण माझा ठरला आहे. 'दुपारचं पाणी'. मराठी आहे. दुष्काळी गावातली पंचेचाळिशीची एकटी बाई, आणि एक एस.टी.चा कंडक्टर, जो पाच वर्षं रोज दुपारी तिच्या दारात पाणी प्यायला थांबतो. बाकी काही नाही. 'ए' मिळालं ते विहिरीवर तिची उघडी पाठ दिसते म्हणून, असं सगळे म्हणतात. मला वाटतं, चाळिशी उलटलेल्या दोन माणसांनाही एकमेकांची गरज वाटते, हे मुलाबाळांसमोर बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून मिळालं असेल.

आता खरं लिहितो. कडेगावहून माझ्यासाठी स्थळ आलं आहे. माया नाव, बालवाडीत शिकवतात, पहिल्या नवऱ्याने टाकलेलं आहे. त्यांचे मामा केरू दोनदा येऊन गेले. आई रोज म्हणते, "पत्रं लिवून म्हातारपण निघंल व्हय रं?" मी तिच्याकडे वर्षअखेरपर्यंत मुदत मागितली आहे. एका ठिकाणाहून उत्तर यायचं आहे म्हणून. तिथे मी अजून विचारलेलंच नाही, ही गोष्ट वेगळी.

मला विचारता येत नाही, प्रियदर्शनी. तो कंडक्टर शेवटाकडे जे बोलतो, ते माझं बोलणं समज. इथलीच प्रिंट साताऱ्याला येते आहे, अकरा तारखेला लागेल. बघ आणि यंदाची निवड कळव. हाच निवडलास तर मी समजेन. नाही निवडलास तरी समजेन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

मिलिंद


सदर बझार, सातारा
७ डिसेंबर १९९८

मिलिंद,

जय भीम. तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. रेकॉर्डरूममध्ये जाऊन वाचलं. मग पुन्हा वाचलं. आमच्या शिपाई धोंडुबाई फाइली न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "काय वो बाई, गावाकडनं वाईट बातमी न्हवं?" म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल बघ.

काल सहा डिसेंबर. सकाळी पुतळ्याला वंदन करून आले, दिवसभर विहारात होते. आईला हाताला धरून नेलं. तिथे बसल्या बसल्या वाटलं, चित्रपट कशाला, आत्ता लिहून टाकावं काय ते. एक कार्ड, एक शब्द. मग म्हटलं, नको. तू बावीस वर्षांनी काहीतरी विचारायला निघाला आहेस, ते तुझ्या पद्धतीने विचारू दे. मलाही ते ऐकायचं आहे. सगळ्या जन्मात मला कुणी काही विचारलेलं नाही. वडील गेल्यावर सगळ्यांनी सांगितलंच. धाकट्या भावाचं, प्रशांतचं शिक्षण कर, बहिणींची लग्नं कर. प्रशांत आता खंडाळ्याला कारखान्यात चिकटला, बहिणी आपापल्या घरी आहेत. सांगायचंही सगळ्यांचं संपलं.

बाईमाणसाने 'ए' चित्रपटाला एकटीने जाणं साताऱ्यात अजून जमत नाही. धोंडुबाईंना बरोबर नेणार आहे. त्यांनी विचारलं, "घाण न्हाई न्हवं त्यात?" मी म्हटलं, दोन वयस्क माणसं आहेत, पाणी पितात. त्या म्हणाल्या, "मग त्याला कशाला पैसं द्यायचं? घरी बघतोच की."

माझ्या टेबलाच्या खणात एक अर्ज लिहून ठेवला आहे. तारीख घातलेली नाही. कसला, ते चित्रपट पाहिल्यावर सांगेन.

प्रियदर्शनी


सांगली
१० डिसेंबर १९९८

प्रियदर्शनी,

प्रिंट आज सकाळच्या एस.टी.ने पाठवली. पत्र्याचे डबे मी स्वतः स्टँडवर चढवले. पाठवण्याआधी अकरावं रीळ रिकाम्या थिएटरात पुन्हा एकदा लावून ऐकलं. रोज सकाळी तेच करत होतो. पाठ झालं आहे. उघडं कार्ड आहे, म्हणून एवढंच.

मिलिंद


सातारा
२१ डिसेंबर १९९८

मिलिंद,

शनिवारी चित्रपट पाहिला. संध्याकाळचा खेळ. बाल्कनीत आम्ही दोघीच बायका होतो. मी आबोली रंगाची साडी नेसले होते, ते आता लिहिण्याचं कारण नाही.

प्रमाणपत्र पडद्यावर आलं तेव्हा खालून शिट्ट्या आल्या. कोपऱ्यात ठिपका दिसला की रीळ बदललं, हे तू शिकवल्यापासून मी दरवेळी ठिपके मोजते. या वेळी मोजायचं राहून गेलं. मी फक्त त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते. आता बोलेल, मग बोलेल.

चित्रपट चांगला आहे. ती बाई तांब्या घासते ते मला फार आवडलं. रोज घासते आणि रोज दाखवते की मुद्दाम घासलेला नाही. शेवटाकडे तो दारात येतो, ती तांब्या पुढे करते, आणि तो बोलतो. त्या वाक्यानंतर माझे डोळे असे भरले की मधलं काही निसटलंच असावं. पुसून बघते तर एस.टी. निघालेली आणि तो मागच्या खिडकीत. ती विहिरीवर दोन हंडे भरते आणि संपतं. एकट्या बाईला दोन हंडे कशाला, ते कळलं नाही. सवय असेल.

बाहेर आल्यावर धोंडुबाईंनी त्याला शिव्या घातल्या. "पाच वर्सं पानी पिलं आन गेला की मुडदा! आवं बाई, ह्यात मोठ्यांचं काय हुतं?" मी म्हटलं, हेच मोठ्यांचं असतं.

तो जे बोलतो ते तुझं समजायचं होतं. समजले. त्याच वाक्यात माझंही उत्तर आहे. आज तहान नाही. एवढं स्वच्छ बोलता येतं हे बरंच आहे, नाहीतर माणसं उगाच वर्षानुवर्षं दारात उभी राहतात.

मायाताईंना होकार कळव. त्यांनी सोसलं आहे, त्यांना माणूस चांगला मिळेल.

यंदा मी हा चित्रपट निवडत नाही. दुसराही निवडत नाही. या वर्षी माझं मत कोरं समज.

प्रियदर्शनी


विश्रामबाग, सांगली
३१ डिसेंबर १९९८

प्रियदर्शनी,

पत्र पोचलं. उत्तर कळलं. तू आडून बोलली नाहीस याबद्दल आभारी आहे.

आईला आज होकार दिला. तिने लगेच शेजारी जाऊन सांगितलं, "आमच्या मिलिंदाला अक्कल आली." केरूमामांना निरोप गेला.

सकाळी केबिनमध्ये बसून वहीत या वर्षाच्या चित्रपटांची यादी लिहिली. तुझं मत कोरं, तेव्हा माझ्या एकट्याच्या मताला अर्थ नाही. १९९८ च्या पुढची जागा रिकामी ठेवली आहे. एवढ्या चांगल्या वर्षाचं हे असं झालं.

थंडी जपून. आईंना नमस्कार.

मिलिंद


सांगली
८ फेब्रुवारी १९९९

प्रियदर्शनी,

सोबत पत्रिका आहे. रविवार, २१ फेब्रुवारी, कडेगाव, बुद्धविहारात. साधंच आहे. आलीस तर बरं वाटेल असं लिहायचं होतं, पण ते खरं आहे की नाही हे मला नीट सांगता येत नाही, म्हणून पत्रिकाच पाठवतो.

माया समजूतदार आहेत. बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, "तुमी मला मागारी धाडणार न्हाई न्हवं?" मी म्हटलं, नाही. त्यावर त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मामा म्हणाले, "रडतीया. येऊ द्या रडून."

मी शब्द दिला आहे. तुला हे कळावं असं वाटलं.

मिलिंद


सातारा
१६ फेब्रुवारी १९९९

मिलिंद,

मार्चअखेरची कामं डोक्यावर आहेत, रजा मिळत नाही. प्रशांतच्या हाती भेट पाठवते आहे. तांब्या-भांडं आहे. मायाताईंचं नाव घालून घेतलं आहे, तुझं नाही.

दिलेला शब्द पाळ. आता पत्रं घरच्या पत्त्यावर पाठवणार नाही आणि थिएटरच्याही नाही. मायाताईंनी जे विचारलं ते तू कधी विसरू नकोस, एवढंच.  

तुम्हा दोघांना मंगल कामना.

प्रियदर्शनी


सांगली
२३ मे १९९९

प्रियदर्शनी,

लिहिणार नव्हतो. तूही बंद केलंस ते योग्यच होतं. हे एवढं वाच, मग फाडून टाक.

'दुपारचं पाणी'ची तीच प्रिंट पाच महिने गावोगाव फिरून काल इथे मॅटिनीसाठी परत आली. डबे उघडले. रीळ क्रमांक अकरा माझ्याच सुतळीने बांधलेलं होतं. गाठ मात्र दुसऱ्याची. तिच्यावर धूळ, पुढे कुणी ती सोडलेलीच नव्हती. गाठीत एक चिठ्ठी होती, ती जशीच्या तशी लिहितो. "अकरा नंबरची कडेची भोकं फाटली आहेत, मशीनवर धरत नाही, म्हणून चालवले नाही. दहानंतर बारा लावले. प्रेक्षकांची तक्रार नाही. बिराप्पा, ऑपरेटर, सातारा, ११ डिसेंबर."

मी खुर्चीवर बसलो. मग उठून तुझं एकवीस तारखेचं पत्र काढलं. तुला दिसलेला चित्रपट असा होता. तो दारात येतो आणि म्हणतो, "आज तहान नाही." तिथे दहावं रीळ संपतं. पुढे एस.टी. निघते.

अकराव्या रिळात तो पुढे बोलतो. "तरी आलोय. राहू का?" ती तांब्या खाली ठेवते. म्हणते, "अंथरूण घेऊन ये." तो एस.टी.ने जातो तो अंथरूण आणायला जातो, प्रियदर्शनी. म्हणून ती दोन हंडे भरते.

तू हंड्यांचं लिहिलं होतंस. मधलं निसटलं असंही लिहिलं होतंस. धोंडुबाईंना कळलं होतं की काहीतरी चुकलं. वीस वर्षं मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला कळलं नाही. मी तुझं ते "आज तहान नाही" वाचलं, तुझा नकार समजलो आणि पत्र घडी करून ठेवलं.

आणि भोकं फाटली कशाने, तेही सांगतो. मी ते रीळ एकवीस दिवस रोज सकाळी लावत होतो. "राहू का" एवढं ऐकायला. जुनं मशीन, रोज तेच रीळ, कडा फाटत गेल्या. शेवटच्या दिवशी मला दिसलं होतं. डब्याबरोबर प्रिंटच्या स्थितीचा कागद जातो, त्यावर लिहायला हवं होतं. पण एकच रीळ एवढं कसं झिजलं, कुणी विचारलं तर काय सांगणार? लाज वाटली. मी 'ठीक' लिहून सही केली.

काल रात्रभर बसून चिकटपट्टीने एकेक भोक सांधलं. आता चालतं. उद्या लागेल. त्यातला एक लहानसा तुकडा तुझ्यासाठी कापून पाठवतो आहे. त्याचं तोंड उघडलं आहे, 'राहू का'च्या तिथलाच आहे. तुला विचारायचं राहिलं ते एकदा तुझ्या हातात तरी यावं. एवढ्याने चित्रपटात काही फरक पडत नाही.

माया मला म्हणाली, "डोळं सुजल्यात तुमचं." मी मशीनमधल्या कार्बनच्या प्रखर उजेडाचं कारण सांगितलं. तिने दुधाच्या घड्या ठेवल्या.

मिलिंद


सातारा
६ जून १९९९

प्रिय मिलिंद,

पत्र फाडलं नाही. आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. धोंडुबाईंना मात्र सांगितलं, त्यांना त्या दिवसापासून तो माणूस सलत होता. त्या म्हणाल्या, "बगा, म्या म्हनलं न्हवतं? बाईनं उगंच दोन हंडं भरलं न्हवतं." मग माझा चेहरा बघून उठल्या. थोड्या वेळाने दोन कप चहा आणून ठेवला, वर बशा झाकून.

तुझी चूक, बिराप्पांची चूक, हे मी पुष्कळ मांडून बघितलं. ठिपके मी मोजले असते तर दहाच भरले असते, अकरा असायला हवे होते. तो आकडा तुला लिहिला असता, तर तुला लगेच कळलं असतं. इतक्या वर्षांतून एकदा मी मोजायचं विसरले. आणि सात डिसेंबरला एक कार्ड लिहायचं, तेही लिहिलं नाही, कारण मला कुणीतरी विचारलेलं ऐकायचं होतं. एवढीशी हौस होती.

खणातला अर्ज सांगली जिल्हा परिषदेत बदली मागणारा होता. हे तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिते, नाहीतर तुला वाटत राहील की मी काय म्हणाले असते कोण जाणे. मी अंथरूण घेऊन ये म्हणाले नसते. मीच घेऊन आले असते.

आता ते संपलं. मायाताईंना हे कधी सांगू नकोस. त्यांनी तुला एकच गोष्ट विचारली होती आणि ती समोर बसून, तोंडाने विचारली होती. आपल्याला दोघांनाही जे जमलं नाही ते त्यांना जमलं. त्यांच्या हातच्या घड्या डोळ्यांवर ठेवून घे.

तुकडा खिडकीशी धरून बघितला. अठरा चौकटी आहेत. चोवीस चौकटींचा एक सेकंद, म्हणजे हा पाऊण सेकंद झाला. सगळ्यांत तो माणूस सारखाच दिसतो, ओठ थोडे उघडे. तिची साडी एका कडेला दिसते. हिरवी आहे, मिलिंद. बाजूने आवाजाची नागमोडी रेघ गेलेली आहे. मी ती कानाशीही धरून पाहिली, हसू नकोस. त्या जिन्यावर आपल्याला नुसता आवाज मिळाला होता.

तुझ्या वहीत १९९८ च्या पुढची जागा रिकामी आहे म्हणालास. तिथे 'दुपारचं पाणी' लिही. माझं मत उशिरा आलं, पण नोंदवून घे. आणि वही तिथे मिटव. यंदाचं तू मला विचारू नकोस, मीही विचारणार नाही.

तुकडा परत पाठवते आहे. फार वाटलं ठेवून घ्यावा. पण जिथून कापलास तिथे तो जोड, आणि कागदावर खरं काय ते लिही. ही प्रिंट इथून पुढेही कुठे कुठे जाईल. कडेगावला, खंडाळ्याला, कुठल्या तंबूत. तिथे कुणीतरी कुणाच्या तरी सांगण्यावरून चांगली साडी नेसून बघायला येऊन बसलेलं असेल. एवढ्याने चित्रपटात काही फरक पडत नाही, असं तू लिहिलंस.

पडतो.

प्रियदर्शनी